एएफच्या ॲब्लेशनला गुंगी की पूर्ण भूल? वडील म्हणतात "मी जागाच राहणार"

पोवईनाका | ४ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वडील ६७ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत. दोन वर्षं झाली छातीत मधेच फडफड होते, आधी आम्ही पित्त पित्त म्हणून सोडून दिलं, मग एकदा साताऱ्यात ईसीजी काढताना नेमकी घावली. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजेच एएफ. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळायचे सोडून नुसते थरथरत बसतात आणि नाडी वेडीवाकडी पडते. गोळ्या झाल्या, एकदा शॉक देऊन झाला. आता पुण्याच्या डॉक्टरांनी ॲब्लेशन सांगितलंय, म्हणजे जांघेतल्या शिरेतून तारा वर न्यायच्या आणि जिथनं गोंधळ उठतो तिथं आतून डाग द्यायचे.

ॲब्लेशनला सगळे तयार आहेत, अडलंय भलत्याच ठिकाणी. डॉक्टर म्हणाले गुंगीत पण करता येतं, पूर्ण भूल देऊन पण, भूलतज्ज्ञ बघतील मग ठरवू. झालं, घरी रामायण. वडील म्हणतात, "मी जागाच ऱ्हाणार. बत्तीस वर्सं स्टेरिंगवर डुलकी काढली न्हाय, आन् आता काळजात तारा घालत्यात तर झोपू व्हय?" बहीण कराडला असते, ती म्हणते पूर्ण भूलच द्या, त्यांना काही कळायलाच नको. आईचं तिसरंच. भावकीतले एक आण्णा हर्नियाच्या ऑपरेशननंतर आठ-पंधरा दिवस भ्रमिष्टासारखे बोलत होते, तेव्हापासून भूल म्हटलं की ती देव पाण्यात घालून बसते.

ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा, जागं राहिलं तर काय काय कळतं? आणि हे ठरवायचं कुणी, आपण का त्यांनी?

भडंग_स्पेशल | ४ जून, रात्री १०:५५

मी सांगलीचा, वय ४१, माझं पूर्ण जागेपणी झालंय, काहीसुद्धा होत नाही, काकांना सांगा बिनधास्त जागं राहा. जांघेत जागेची भूल देतात तेव्हा मुंगी चावल्यागत होईल म्हणाले होते, मुंगी नव्हती, गांधीलमाशी होती, पण तेवढंच. नंतर तारा आत सरकतात ते कळतच नाही. मग मुद्दाम ठोके पळवतात, तेव्हा मात्र शिडीवरनं पाय सटकल्यावर कसं होतं तसं पोटात होतं. डॉक्टर आपसात आकडे बोलत होते, मी मधेच मॅचचा स्कोअर विचारला, सिस्टरनी सांगितला पण. दीड तासात बाहेर. आडवं पडून पाठ तेवढी धरली.

कॅथलॅबवाला | ४ जून, रात्री ११:२०

भडंग, तुमचं एसव्हीटी (अचानक ठोके पळायचा दुसरा आजार) असणार, एएफ नव्हे. बरोबर ना?

भडंग_स्पेशल | ४ जून, रात्री ११:२४

हां एसव्हीटीच. एकच की हो सगळं, ठोके पळणं.

कॅथलॅबवाला | ४ जून, रात्री ११:५१

एकच नाही राव, इथंच सगळा घोळ होतो. मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण रोज टेबलाशेजारी उभा असतो म्हणून सांगतो.

एसव्हीटीत बहुतेक वेळा एखादी जास्तीची वाट असते, करंट त्यातनं गोल गोल फिरतो. ती वाट शोधायची तर आधी तो ठोके पळायचा झटका टेबलावर मुद्दाम आणावा लागतो. गुंगीचं औषध जास्त झालं तर कधी कधी झटका येतच नाही, मग डॉक्टर कशाला डाग देणार. म्हणून तिथं पेशंट जागा किंवा अगदी हलक्या गुंगीत ठेवतात. काम पण थोडक्यात, मोजक्या जागी डाग.

एएफचं तसं नाही. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवून दिलं की एएफच्या बहुतेक ठिणग्या फुप्फुसाकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उठतात. अशा सहसा चार शिरा असतात. प्रत्येकीच्या तोंडाभोवती गोल कडं करायचं, एक जागा राहिली की करंट तिथनं निसटला. शिवाय तारा जातात उजव्या कप्प्यात आणि काम आहे डाव्यात, म्हणून मधल्या पडद्याला सुईनं भोक पाडून पलीकडं जायचं. पाठीला छातीला पट्ट्या लावून कॉम्प्युटरवर हृदयाचा नकाशा काढलेला असतो, पेशंट कुशीवर वळला की नकाशा सरकला. दोन-तीन तास लाकडाच्या ओंडक्यासारखं पडून राहणं चेष्टा नाही. नाक खाजवायची सोय नाही.

वडापाव_राजवाडा | ५ जून, सकाळी ७:०८

काकांना म्हणावं तुम्ही झोपलात तरी गाडी कंडक्टरच्या हातात देत नाहीयेत, दुसरा ड्रायव्हर बसवलाय, बिल्ला बघून घ्या.

विश्रामबागची_काकू | ५ जून, सकाळी ९:३०

माझं दोन वर्षांपूर्वी झालं, एएफच, गुंगीत. फुगा घालून गोठवतात ती पद्धत, क्रायो. भडंगबाळ म्हणतोय तसं "काहीसुद्धा होत नाही" असं मी नाही म्हणणार. बर्फाचा गोळा गपकन खाल्ला की कपाळात कळ जाते ना, तशी कळ आली, मला वाटलं डोक्यात काही झालं की काय. डॉक्टर म्हणाले गार करताना होतं असं, जाईल, आणि गेली. एका बाजूला करताना सारखी उचकी लागल्यासारखं पोट उडत होतं आणि एक जण पोटावर हात ठेवून उभा. नंतर कळलं, श्वासाच्या पडद्याची नस तिथनंच जाते, ती गोठू नये म्हणून तिला मुद्दाम टिचक्या मारत बसतात, पोट उडायचं मंदावलं की लगेच थांबवायचं.

गंमत म्हणजे एवढंच आठवतं. बाकीच्या वेळात मी म्हणे डॉक्टरांना हळदीच्या लोणच्याची पाककृती सांगितली, आंबेहळद किती, लिंबू किती. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. लोणचं करून बघितलं का ते फॉलोअपला विचारायचं राहिलं.

पोवईनाका | ५ जून, सकाळी ९:५२

काकू 😄 पण बोलत होता आणि आठवत नाही, हे कसं काय?

भूलथापा | ५ जून, दुपारी २:१५

मिरजेत वीस वर्षं भूल द्यायचाच धंदा करतोय, आयडीवरनं ओळखलंच असेल. सावकाश लिहितो, दोन केसच्या मधे आहे.

काकूंना बहुतेक मिडॅझोलॅम मिळालं. त्यात माणूस जागा असतो, बोलतो, "हात सरळ करा" म्हटलं तर करतो, पण आठवणीची वही त्या वेळेपुरती बंद. वेदनेसाठी जोडीला फेंटानिल देतात. तिसरं पांढरं दुधासारखं असतं ते प्रोपोफॉल, पटकन झोपवतं, पटकन उतरतं, पण रक्तदाब आणि श्वास दोन्ही पाडतं. पहिल्या दोघांना उतारा आहे, प्रोपोफॉलला नाही, त्याचा उतारा म्हणजे शेजारी उभा असलेला माणूस, जो ते बंद करून श्वास सांभाळेल. चौथं औषध डेक्समेडेटोमिडिन, त्यात श्वास बराच शाबूत राहतो पण नाडी मंदावते.

आता "गुंगी की भूल" हे दोन वेगळे डबे नाहीत. हलकी गुंगी, मध्यम, खोल आणि मग पूर्ण भूल, असा उतार आहे. खोल गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यातला बांध तर इतका बारीक की एका सिरिंजच्या ढकलण्यात माणूस पलीकडच्या रानात जातो. फरक कुठं पडतो सांगू? पूर्ण भुलेत घशात नळी असते आणि श्वास आमच्या मशीनच्या ताब्यात असतो. लहान, एकसारखे श्वास देता येतात, त्यामुळं हृदय फार हलत नाही आणि डाग नेमका बसतो. डाव्या कप्प्याच्या पाठीला चिकटून अन्ननलिका असते, उष्णतेनं करत असतील तर तिथं तापमापक सोडतात, तो जाग्या माणसाला घशात सहन होत नाही. गुठळी आहे का बघायला घशातून एको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा असेल तर तोही झोपेतच उरकतो.

तोटे पण आहेत. रक्तदाब जास्त उतरतो, तो वर ठेवायला औषधं लागतात, घसा दोन दिवस दुखतो, खोकला असलेल्यांना त्रास. फुप्फुसं फारच खराब असतील तर मी स्वतः गुंगीकडं झुकतो.

धागाकर्ते, एकच विचारतो. वडील घोरतात का?

पोवईनाका | ५ जून, दुपारी २:४०

घोरतात?? डेपोच्या रेस्टरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खाटेवर कुणी झोपायचं नाही. मधेच एकदम बंद होतं आणि मग दचकून मोठ्ठा श्वास. आई म्हणते इंजिन बंद पडून परत सेल्फ मारल्यासारखं.

भूलथापा | ५ जून, रात्री ८:०५

मग तुमच्या धाग्याचं निम्मं उत्तर आईंनी दिलं.

याला झोपेतला श्वासरोध म्हणतात. एएफवाल्यांमध्ये तो बराच सापडतो, आणि त्यावर इलाज केला नाही तर ॲब्लेशननंतर एएफ परत यायची शक्यता वाढते, म्हणजे भूल सोडा, एरवीही बघायलाच हवा. अशा माणसाला गुंगी दिली की जीभ मागं पडते, वाट बंद, छाती मात्र जोरात ओढत राहते. नुसता ऑक्सिजन कमी होतो एवढंच नाही. डाव्या कप्प्यात ज्या पोकळ नळीतून तार घालतात तिच्यातून अशा ओढीला हवा आत खेचली जाऊ शकते, आणि डाव्या बाजूचा बुडबुडा सरळ मेंदूकडं किंवा हृदयाच्याच धमनीत जातो. क्वचित घडतं, पण आमच्या डोळ्यासमोर असतं. त्यामुळं लोक म्हणतात "गुंगी सौम्य, भूल धोक्याची" ते सरसकट खरं नाही. घोरणाऱ्या जाड मानेच्या माणसाला अर्धवट गुंगीपेक्षा नळी घालून पूर्ण भूल पुष्कळदा जास्त सुरक्षित. निर्णय त्यांना तपासणाऱ्याचा, मी लांबून सांगतोय.

आईंना सांगा, आण्णांचं झालं ते खोटं नाही. उतारवयात ऑपरेशननंतर काही दिवस भ्रम होऊ शकतो, पण सगळं खापर भुलेवर फोडू नका. जंतुसंसर्ग, दुखणं, झोप मोडणं, चष्मा आणि कानाचं मशीन काढून ठेवलेलं, रोज घेणाऱ्याची दारू एकदम सुटलेली, बरीच कारणं. आणि गुंगीची औषधं पण करतात ते.

चूकभूल | ५ जून, रात्री ९:३३

अवांतर. आपल्या भाषेची कमाल बघा, चूक पण भूल आणि बेशुद्ध करणं पण भूल. "डॉक्टरांनी भूल दिली" म्हणताना पोटात गोळा येणारच. बिलाच्या खाली चूकभूल द्यावी घ्यावी लिहितात का हो डॉक्टर?

भूलथापा | ५ जून, रात्री ९:४१

द्यावी एवढंच लिहितो. घेत नाही.

चूकभूल | ५ जून, रात्री ९:४४

🙏 धागा संपला माझ्यापुरता.

मी_आणि_माझी_नाडी | ६ जून, रात्री १२:४८

सगळं गोड गोड चाललंय म्हणून माझं पण लिहितो. एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात केलं, नाव नको. आदल्या रात्री अकराला ज्युनियरनी येऊन सही घेतली, "झोपेचं इंजेक्शन देणार, काही कळणार नाही" एवढंच. भूलतज्ज्ञ मला पहिल्यांदा दिसले ते थेट टेबलावर. मधेच मी जागा झालो. छातीत मागच्या बाजूला जळत होतं, कुणीतरी आतून बिडी विझवतंय असं, जीभ जड, बोलता येईना, हात पट्ट्यानं बांधलेले. किती वेळ ते माहीत नाही, दोन मिनिटं असतील, मला दोन तास वाटले. नंतर विचारलं तर म्हणाले गुंगीत असं होतं, ती पूर्ण भूल नव्हती. अहो मग तसं आधी सांगा ना! ॲब्लेशन यशस्वी आहे, दीड वर्ष एएफ नाही, पण अजून कधी रात्री ते आठवून उठतो.

कॅथलॅबवाला | ६ जून, सकाळी ६:५५

वाईट वाटलं वाचून. हे आधी सांगायलाच पाहिजे होतं, यात तुमचं काहीही चुकलं नाही. आमच्याकडं गुंगीतल्या पेशंटला आधीच बजावतो की दुखलं तर तोंडानं सांगा, अंग हलवू नका, आणि बोलता येत नसेल तर सिस्टरचा हात दाबा, एक जण डोक्याशी असतोच. खूण आधी ठरली की माणूस निम्मा शांत होतो. मागच्या भिंतीवर उष्णतेचे डाग देताना दुखतंच, त्याच्या आधी औषध वाढवायचं असतं.

प्राणायाम_साधक | ६ जून, सकाळी ८:२०

हृदयात तारा घालण्यापेक्षा तीन महिने अनुलोम विलोम करून बघा. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या आठवडाभर आधीच बंद करा, नाहीतर रक्तस्राव होईल.

भूलथापा | ६ जून, सकाळी ८:२६

पहिल्या वाक्यावर वाद घालत नाही, दुसरं मात्र कुणीही मनावर घेऊ नका!! एएफमध्ये त्या गोळ्या गुठळी होऊन लकवा होऊ नये म्हणून असतात. ॲब्लेशनच्या वेळी बहुतेक ठिकाणी त्या चालूच ठेवतात, फार तर एखादा डोस पुढं-मागं, आणि नंतरही निदान दोन महिने द्याव्याच लागतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी चुकवायची नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या मात्र आधी थांबवतात, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे निदान तीन दिवस, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून भूलतज्ज्ञांपुढं ओता. तोंडी नावं सांगू नका, "ती गुलाबी" म्हणणारे रोज भेटतात.

यवतेश्वर_धावक | ६ जून, सकाळी ११:१०

मी ४८, वीस वर्षं पळतोय, घाट रोज. आणि मलाच एएफ! बायको म्हणाली पळ अजून. (जास्त वर्षं लांब पल्ल्याचे व्यायाम करणाऱ्यांत एएफ थोडं जास्त दिसतं, माझ्यासारख्या अजून दोघांना आहे.) माझं नव्या पद्धतीनं केलं, पल्स्ड फील्ड, यात भाजत नाहीत की गोठवत नाहीत, विजेच्या अगदी क्षणिक झटक्यांनी पेशींना भोकं पाडतात. काम झटपट, पण प्रत्येक झटक्याला अंग उडतं आणि खोकला येतो, म्हणून खोल गुंगी नाहीतर पूर्ण भूल, जागं राहायचा प्रश्नच नाही. मला पूर्ण दिली. उलटे आकडे मोजा म्हणाले, ९७ पर्यंत आठवतं. उठल्यावर घसा खरवडल्यासारखा आणि पाय सरळ ठेवून पडून राहायचं पाच-सहा तास, तेच सगळ्यात अवघड गेलं मला.

तेव्हा धागाकर्ते, डॉक्टरांना आधी विचारा भाजणार, गोठवणार का झटके देणार, त्यावर भुलेचं अर्धं ठरतं.

इतिहासाचे_पान | ६ जून, संध्याकाळी ५:३५

काकांसाठी खास. जागं राहून स्वतःच्या काळजात तार घालणारा एक पठ्ठ्या होऊन गेलाय. वर्नर फोर्समन, जर्मनी, १९२९, वय पंचवीस. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. उपकरणं नर्सच्या ताब्यात, ती म्हणाली माझ्यावर प्रयोग करा. यानं तिला टेबलाला बांधली आणि गुपचूप स्वतःच्या दंडाला जागेची भूल देऊन लघवीची लांब रबरी नळी शिरेतून वर सारली! मग तिला सोडवून, नळी तशीच ठेवून, जिना उतरून एक्स-रे काढायला गेला. नळी थेट हृदयात. शाबासकी राहिली बाजूला, पुढं हृदय सोडून मूत्रविकाराकडं वळावं लागलं. १९५६ साली नोबेल मिळालं.

पोवईनाका | ६ जून, रात्री ९:१५

हे वडिलांना वाचून दाखवलं ती चूक झाली. म्हणाले, "बघ. ड्रायवरच व्हता त्यो."

असो, सोमवारी पुण्याला भूलतज्ज्ञांकडं जातोय. एक खाजगी प्रश्न, वडील तंबाखू खातात आणि आई मिश्री लावते (आईचा काही संबंध नाही, ती उगाच घाबरलीय), हे सांगावं का? वडील म्हणतात त्यात काय सांगायचं.

भूलथापा | ६ जून, रात्री ९:५०

सांगाच. तंबाखू, मिश्री, दारू, हलणारे दात, कवळी, आधीच्या भुलेत घरातल्या कुणाला काही झालेलं असेल तर ते. आम्ही पोलीस नाही. आणि जेवण सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत, पण तुमचं हॉस्पिटल सांगेल तीच वेळ खरी. तंबाखू उपासाला चालते हे भुलेच्या उपासाला लागू नाही. दूध घातलेला चहा म्हणजे जेवणच समजा, यावरून मी आजवर जितकी भांडणं केलीत तितकी बायकोशी केली नाहीत.

पोवईनाका | २९ जून, रात्री ८:३०

मंडळी, धागा वर काढतोय, उशीर झाला, माफी.

भूलतज्ज्ञ बाई होत्या, अर्धा तास दिला. मान मोजली, तोंड उघडायला लावलं, घरी झोपेची तपासणी करवून घेतली, श्वासरोध चांगलाच निघाला. म्हणाल्या काका, उष्णतेनं करणार आहेत, वेळ लागेल, तुम्ही गुंगीत घोरणार, मी पूर्ण भूल देणार. वडील अडून बसले. त्यांनी वाद घातला नाही, विचारलं, "घाटात धुकं असेल आणि समोरचं दिसत नसेल तर तुम्ही प्रवाशांचं मत घेत होता का?" वडील गप्प. मग म्हणाले, नळी मी झोपल्यावरच घाला, जागेपणी नको. त्या म्हणाल्या तसंच असतं. एवढ्यावर मिटलं. "नाडी"भाऊ, तुमचं वाचून मी वडिलांना काय काय दिलं जाणार ते सगळं सही करायच्या आधी विचारून घेतलं, तुमचे आभार.

ॲब्लेशन १७ तारखेला झालं, तीन तास. घसा दोन दिवस दुखला, आवाज बसला होता, जांघेत हे एवढं काळंनिळं, ते आता पिवळं पडलंय. भ्रम वगैरे काही नाही. दहाव्या दिवशी मात्र फडफड परत चार तास आली, आम्ही हादरलो, डॉक्टर म्हणाले पहिले दोन-तीन महिने डाग वाळेपर्यंत असं होतं, त्यावरनं निकाल ठरवायचा नाही. बघू. श्वासरोधाचं मशीन आणलंय, वडील लावत नाहीत, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

विश्रामबागची_काकू | २९ जून, रात्री ८:५२

छान झालं बाळा. काकांनी आकडे कितीपर्यंत मोजले?

पोवईनाका | २९ जून, रात्री ९:०४

आकडे नाहीच मोजले. म्हणाले मी थांबे म्हणतो. सातारा स्टँड, लिंब फाटा, पाचवड... आणि शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "स्वारगेट आलं का?"

आता रोज भांडण चालू आहे. भूलतज्ज्ञ बाई म्हणतात ते पाचवडला झोपले, त्यांनी स्वतः ऐकलंय. वडील म्हणतात खोटं आहे, भुईंज म्हटल्याचं मला चांगलं आठवतंय, आणि फॉलोअपला जाऊन ते त्यांना तसं लिहून मागणार आहेत.